टेप मारलेली वायर

पहिलेच सांगून टाकतो, भूत, करणी, उतारा, नजर, मी काहीच मानत नव्हतो. मानलं असतं तर दुकान बंद करा लागलं असतं. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, आमच्याकडं भूत घेऊन गिऱ्हाईक रोजच येते. "भाऊ, उभ्या गाडीत हॉर्न आपोआप वाजून राहिला, कोणाची तरी नजर लागली." मी बोनेट उघडतो, उंदरानं वायर खाल्लेली असते. आजपर्यंत जेवढी भुतं पकडली, सगळ्यांले शेपूट होतं.

शिक्षण चौथी... तेही मास्तर कंटाळले म्हणून. लिहायची बोंब आहे, म्हणून मी बोलून राहिलो आन् मोबाईल लिहून राहिला. चुका दिसल्या तर त्या मोबाईलच्या. मूर्खपणा दिसला तर तो माझा, आन् तो भरपूर दिसन.

आम्ही रायपूरचे. आजा भंडाऱ्याकडून रेल्वेत आला आन् इथलाच झाला. तव्हा आम्ही ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो, मी, बायको शोभा आन् आमची एकुलती एक पोट्टी गुड्डी. दुकान स्टेशनच्या रस्त्यावर, वर टिन, खाली मी. रायपूर राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जिकडं पाहा तिकडं लाल बत्ती. रोज कोणाच्या ना कोणाच्या गाडीवर बत्ती लाव, सायरन लाव, मले जेवायले फुरसत नव्हती. एका साहेबाच्या गाडीचा सायरन तर मी असा जोडला का ब्रेक दाबला का सायरन वाजे. साहेब चौकात थांबले का अख्खा चौक थांबे. दोन दिवस साहेबाले वाटलं लोक आपली इज्जत करून राहिले. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर मले शोधत आला... जाऊ द्या.

मुद्द्यावर येतो.

गुड्डी तव्हा आठ वर्षांची. तिले दमा. साधा नाही. अटॅक आला का पोट्टीच्या गळ्याखाली खड्डा पडे, ओठ निळे होत, आन् छातीतून असा आवाज येई का जसं कोणी बंद दारावर नखं घासून राहिलं. त्याच्यासाठी घरी एक मशीन होती. डब्यासारखी, करंटवर चाले, कपात औषध टाकायचं, मशीन घुर्रर्र करे आन् औषधाची वाफ मास्कमधून तिच्या नाकात जाई. दहा मिनिटांत पोट्टी माणसात येई. डॉक्टरांनी दम देऊन सांगितलं होतं, "ये मशीन और करंट, दोनों के बिना इसको कहीं मत ले जाना."

म्हणून वर्षभर आम्ही कुठंच गेलो नव्हतो. शोभाचं माहेर अभनपूरले, गाडीनं पाऊण तास. पण वर्षात ती एकदाही गेली नाही. मधी रस्त्यात अटॅक आला तर?

माझ्याजवळ एक जुनी अँबेसेडर होती. तिच्यात डॅशबोर्डवर सिगारेट पेटवायचं सॉकेट होतं, पण त्याची वायर शेवईसारखी पातळ. मी एक छोटा इन्व्हर्टर आणला, टिफिनएवढा. एक टोक सॉकेटमधी घुसवायचं, दुसऱ्या बाजूले घरासारखा प्लग लागते. मशीन लावून पाहिली तर पातळ वायरीचा फ्यूज उडाला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. मंग ठरवलं, मागच्या सीटजवळ एक जास्तीचं सॉकेट लावू. सरळ बॅटरीवरून, जाड वायर, वेगळा फ्यूज. म्हणजे शोभा मागं पोट्टीले मांडीवर घेऊन बसन आन् मशीन चालन.

दुसऱ्यांच्या गाडीत हे काम मी एका तासात करतो. सोताच्या गाडीले दोन महिने लागले. रोज संध्याकाळी शोभा विचारे, "अवो, झालं का सॉकेट?" मी म्हणे, उद्या. ती म्हणे, "मंत्र्याची बत्ती लागते आन् माह्या पोट्टीचं सॉकेट लागत नाही. पोट्टीच्या डोक्यावर लाल बत्ती बांधू का, मंग कराल?"

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बसलो एकदाचा. सॉकेट सीटखाली पक्कं केलं, इन्व्हर्टर त्यात घुसवून ठेवला. वायर कार्पेटखालून पुढं नेली, भोकातून इंजिनकडं काढली, बॅटरीपर्यंत आणली. राहिलं काय, फ्यूज होल्डर लावायचा आन् वायर बॅटरीले जोडायची. होल्डर शोधतो तर संपलेले. आजूबाजूची दुकानं बंद करून लोक पूजेसाठी सामान धुऊन राहिले होते. म्हटलं, राहू दे. वायरच्या टोकाले काळी टेप गुंडाळली, चांगले चार वेढे, वेटोळं केलं आन् बॅटरीच्या बाजूले खोचून दिलं.

घरी गेलो. शोभानं ताट वाढता वाढता विचारलं, "झालं का?"

मी म्हटलं, "झालं."

काहून म्हटलं, आजही सांगता येत नाही. बहुतेक कढी गरम होती आन् मले भांडण नोको होतं. वाटलं, पूजा झाली का परवा सकाळी दहा मिनिटांचं काम आहे, करून टाकू. कोणाले कळन?

आता ज्यांच्या घरी कारागीर नाही त्यांच्यासाठी सांगतो. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आम्ही औजाराले हात लावत नाही. पक्कड, पेचकस, पाने, टेस्ट लॅम्प, सगळं धुऊन, तेल लावून देवापुढं मांडतो, टिळा लावतो. त्या दिवशी औजार आराम करते. एक स्क्रूही पिळत नाही. माझा बाप तर म्हणे, त्या दिवशी पक्कड उचलली तर वर्षभर हाताले झटके बसतात. मी भूत मानत नव्हतो, पण पक्कड मानत होतो. असा मी शहाणा.

सकाळी दुकानात पूजा केली, बुंदी वाटली, घरी आलो तर शोभा नवी साडी नेसून दारात उभी. बाजूले गुड्डी, रिबिन बांधून. मशीन पिशवीत.

"आज तुमचं दुकान बंद. सॉकेट झालं. चला, अभनपूरले जाऊन येऊ."

आता बोलायचं होतं. इथंच. "शोभे, एक वायर राहिली" — चार शब्द. मी रायपुरात तोंडासाठी प्रसिद्ध माणूस, मयतीत लोकांले हसवतो. पण त्या दिवशी ती वर्षभरानं माहेरी जाऊन राहिली होती, आन् तिचं तोंड पाहून माझ्या तोंडून ते चार शब्द निघाले नाहीत. मनात म्हटलं, पाऊण तासात काय होते? तिथं साळ्याच्या घरी करंट आहेच.

"चला," म्हटलं.

जाताना काहीच झालं नाही. गुड्डीनं गाणी म्हटली, मी तिच्या चालीत बेसूर म्हटली, मायलेकी हसून राहिल्या. मी सोतावरच खुश.

साळा राईस मिलमधी कामाले. तिथंही पूजा होती. जेवण करून आम्ही मिलमधी पाहायले गेलो. हवन, लोबान, अगरबत्तीचा धूर, आन् धानाच्या कोंड्याची धूळ. मले अक्कल असती तर मी पोट्टीले तिथं नेलंच नसतं. दोन वाजता ती खोकायले लागली. अडीच वाजता घरी आणली तर गळ्याखालचा खड्डा दिसून राहिला होता. शोभानं मशीन काढली, प्लग लावला... लाईट नाही. साळा म्हणे, "दुपारची कटौती. चार बजे आएगी."

साळा डॉक्टरकडं धावला. दवाखान्याले कुलूप. वापस येऊन म्हणे, "सुई देनेवाला भी पूजा में गया है."

गुड्डी बोलत नव्हती. आठ वर्षांची पोट्टी दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरून बसली होती आन् खांदे वर-खाली होऊन राहिले होते. ओठाच्या कडेनं निळा रंग यायले लागला.

शोभा घाबरली नाही. मले तेच आठवते. तिनं मशीन उचलली, पोट्टीले कडेवर घेतलं आन् म्हणे, "अवो, उभे काहून राहिले? गाडीत लावू मशीन. मशीन चालवत रायपूरले नेऊ. चला लवकर!"

गाडीत लावू. तिच्या आवाजात इतका भरवसा होता, का मले वाटलं जमिनीत जावं.

ती मागं बसली. गुड्डीचं डोकं मांडीवर. मी पुढं धावलो, बोनेटकडं. मनात एकच, टेप दातानं फाडतो, वायर हातानंच बॅटरीले गुंडाळतो, फ्यूज गेला खड्ड्यात. जवळ ना पक्कड ना पाना, सगळं दुकानात देवापुढं झोपलेलं. बोनेटचा खटका सापडेना. हजार बोनेट उघडलेला माणूस मी... खटका सापडेना! मागून शोभाचा आवाज, "लागला प्लग, बटन दाबते." मी ओरडायले तोंड उघडलं, का थांब, त्यात करंट नाही...

घुर्रर्रर्र.

मशीन चालू झाली.

मी जिथं होतो तिथंच थांबलो. एक हात बोनेटवर. काचेतून मागं पाहिलं. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला. मास्कमधून पांढरी वाफ निघून राहिली होती. शोभा म्हणे, "चला ना! काय पाहून राहिले?"

मले माहीत होतं वायर जोडलेली नाही. ती मीच सोडली होती, माझ्याच हातानं टेप मारली होती. आन् मशीन चालून राहिली होती.

मी बोनेट उघडलं नाही. मन म्हणे, उघडलं आन् पाहिलं तर बंद होईन. बस एवढंच डोक्यात होतं. काय आहे, कोण आहे, कसं आहे, काही पाहायचं नाही. चालून राहिलं, चालू द्यायचं. मी दबक्या पायानं येऊन स्टेअरिंगवर बसलो, जसं कोणी झोपलं आहे आन् उठवायचं नाही.

सेल्फ मारला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेल्फ बॅटरीतून लय करंट ओढते. त्या क्षणी गाडीतली प्रत्येक वस्तू दबते. बत्ती मंद होते, रेडिओ अडखळते. बॅटरीवर काहीही चालत असलं तर त्याचा आवाज खाली गेलाच पाहिजे. मशीनचा आवाज खाली गेला नाही. तसाच घुर्रर्र. सरळ रेघ.

गाडी पळवली. रस्त्यात ट्रक, ट्रॅक्टर, सायकली. मी तोंडानं एक शब्द नाही काढला. देवाचं नावही घेतलं नाही, त्याले आठवण होईन का हे चुकून चालू आहे, आन् तो बंद करन. मागून शोभा बोले, "ओठ पहा बरं... नाही, तुम्ही समोर पहा." औषध संपलं का ती कपात दुसरं टाके. गुड्डीच्या छातीतली नखं घासल्याची घरघर आन् मशीनची घुर्रर्र, दोन आवाज. मी दोन्ही मोजून राहिलो होतो. एक थांबला तर दुसराही थांबन.

छोट्या लाईनच्या रेल्वेचं फाटक बंद. नेमकं तव्हाच. समोर चार ट्रक. घाईत क्लच सोडला आन् गाडी बंद पडली. सेल्फ मारतो तर फक्त टक... टक... टक. बॅटरी बसली. अँबेसेडरची बॅटरी आधीच माझ्या अकलेएवढी कमजोर होती. हॉर्न दाबला तर कुईं करून मेला. डॅशबोर्डचा दिवा विझला. गाडीत करंट नावाची चीज उरली नाही.

घुर्रर्रर्र.

मागं मशीन चालूच. हिरवा दिवा तसाच.

शोभानं विचारलं, "गाडी बंद पडली तर मशीन कशी चालू?"

मी पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "त्याची वायर वेगळी आहे." खरंच होतं ते. इतकी वेगळी का कशालेच जोडलेली नव्हती!

छोटी गाडी हलत-डुलत गेली, फाटक उघडलं. दोन ट्रकवाले उतरून आले, "क्या हुआ भैया?" मागं पोट्टी दिसली तर काहीच न विचारता धक्का मारायले लागले. दुसऱ्या गिअरमधी टाकली, इंजिन पकडलं. त्यांले धन्यवादही म्हटलं नाही. रायपूरच्या पचपेडी नाक्याच्या गर्दीत घुसलो, सिग्नल तोडला, शिव्या खाल्ल्या. मुलांच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत गाडी नेली. आतून लोक धावत आले. नर्सनं मास्क काढला, पोट्टीले उचललं. शोभा चप्पल सोडून मागं धावली.

मी नाही गेलो. मी गाडीतच. मागच्या रिकाम्या सीटवर मास्क पडला होता, त्यातून वाफ निघून राहिली होती. बटन बंद करायची माझी हिंमत झाली नाही. आत पोट्टीचं काय चाललं माहीत नाही, आन् मी हात लावून बंद केलं आन् तिकडं... मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो. हसवणारा माणूस रडला का लय वाईट आवाज निघते, मले तव्हा कळलं. दवाखान्याचा वॉचमन दुसरीकडं पाहायले लागला.

किती वेळ, माहीत नाही. शोभा पायरीवर आली. म्हणे, "ऑक्सिजन लावला, सलाईन लावली. डॉक्टर म्हणे श्वास मोकळा होऊन राहिला. झोपली." आन् तिथंच पायरीवर बसली.

तव्हा माझ्या लक्षात आलं, मागं आवाज नाही. मशीन बंद. बटन तसंच दाबलेलं. कव्हा बंद पडली, मी ऐकलंच नाही.

मंग उतरलो. आता खटका पहिल्या झटक्यात सापडला. बोनेट उघडलं.

वायरचं वेटोळं बॅटरीच्या बाजूले. तिथंच, जसं खोचलं होतं तसं. टेप चार वेढे. टेपेवर रस्त्याची धूळ बसलेली, कुठं फाटली नाही, जळली नाही. मी हात लावला. थंड होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या धंद्यातल्या कन्हैयाले बोलावलं. आमच्यात त्याचा हात लय साफ. टेस्ट लॅम्प घेऊन त्यानं सगळं तपासलं. वायर कुठं घासली का, बॉडीले लागली का, दुसऱ्या कोणत्या वायरीतून करंट येऊन राहिला का. काही नाही. मशीन लावून बटन दाबलं, मेलेली. त्यानं बॅटरी चार्ज केली, पुन्हा दाबलं, मेलेली. टेप फाडून वायर जोडली, तर चालली. सेल्फ मारला तर आवाज दबला, जसा दबायले पाहिजे तसा.

त्यानं टेस्ट लॅम्प गुंडाळला. मंग हळूच छत्तीसगढीत विचारलं, "सच बता, विश्वकर्मा के दिन तैं पीए रहे का?"

मी म्हटलं, "बुंदी खाई थी. दो बार."

"हव," म्हणे, "तो बुंदी चढ़ गे होही." म्हणजे बुंदीच चढली असन.

हसण्यावारी गेलं. पण माझी फजिती इथून सुरू झाली. शोभानं सगळ्या नात्यात सांगितलं का यांनी आदल्या दिवशी सॉकेट लावलं म्हणून पोट्टी वाचली. पाहुणे आले का ती त्यांले गाडीपाशी नेऊन सॉकेट दाखवे. सासू, जी मले जन्मभर निकामा म्हणे, तिनं माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "बापा, तुमच्या हाताले यश आहे." मी हात मागं ओढला. कुठं ठेवू ते हात? ह्याच हातांनी वायर सोडली होती.

महिनाभर झोप नाही. शेवटी एक दिवस शोभाले खरं सांगितलं. सगळं. वायर जोडली नव्हती, मी खोटं बोललो, पोट्टीले मी मारलंच होतं, कोणी दुसऱ्यानं वाचवलं. ती भाकर थापून राहिली होती. ऐकलं आन् हसली. खरंच हसली! म्हणे, "पुरे झाली मस्करी. प्रत्येक गोष्टीत सोताले गाढव बनवल्याशिवाय तुमचं पोट भरत नाही. हे तरी सोडा."

मी शपथ घेतली. ती म्हणे, "पोट्टीच्या नावानं मस्करीची शपथ घेऊ नोका." तव्हा ती चिडली.

आता गुड्डी मोठी झाली. दमा आहे, पण औषधाचा तोंडात मारायचा पंप जवळ ठेवते, एकटी सगळीकडं फिरते. मराठी समजते तिले, पण जवाब हिंदीत. आन् मराठी वाचायचा तिले कंटाळा, म्हणूनच इथं सांगून राहिलो. मागच्या महिन्यात तिले नोकरी लागली, बस्तरकडं, शाळेत. जिथं दवाखाना बसनं दोन तास. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता तिनं विचारलं, "पापा, मम्मी बोलती है आपने एक बार बोला था कि वो तार लगा ही नहीं था. मज़ाक था ना? लगा था ना?"

ती हसत होती, पण हात थांबले होते. पंप हातात होता.

खरं सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? का बेटा, तू ज्या भरवशावर एकटी जाऊन राहिली, तो भरवसा मी जोडलाच नव्हता?

मी म्हटलं, "हव बेटा. लगा था. पक्का लगाया था."

"पता था मुझे," म्हणे, आन् पंप बॅगेत टाकला.

दुसऱ्यांदा खोटं बोललो. पहिल्यांदा कोणी तरी माझ्या खोट्याले खरं करून दिलं. कोणी, काहून, कुठून करंट आणला... मी वायरी वाचतो, मले हे वाचता आलं नाही. तुमच्यात कोणी शिकलेला असन तर सांगा. अजून कोणाले सांगता आलं नाही.

गुड्डी रोज सात वाजता फोन करते. मी उचलतो आन् काही बोलत नाही. ती म्हणे, "पापा? हलो? सुन रहे हो?" मी पहिले तिचा श्वास ऐकतो. साफ आहे का. मंग म्हणतो, "हाँ बेटा, बोल."